डोळ्याचा फुगा घरात लावावा का?

(मुद्राचित्रण, म्हणजे दगड, लाकूड किंवा धातूच्या प्लेटवरून चित्र छापण्याची कला, शिकवून निवृत्त झालेल्या, ठाण्यात राहणाऱ्या एक चित्रकर्ती या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : बाई, मी घणसोलीत भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळी करते. मध्यंतरी मोबाइलवर ओदिलों रदों या फ्रेंच चित्रकाराचं एक काळंपांढरं चित्र दिसलं. भलामोठा डोळा फुगा होऊन आकाशात चाललाय आणि खाली दलदल. भीती वाटायची सोडून मला बरंच वाटलं. मी ते छापून घेऊन भिंतीवर लावलं. मग आई गावाहून आली आणि म्हणाली, असलं अशुभ घरात नको. हे चित्र आहे तरी कशाचं? आणि इतकं एकटं चित्र बघून बरं का वाटावं?

उत्तर : आधी चित्राचं सांगते, मग आईकडे वळते.

हे 1882 सालचं शिळाछाप चित्र आहे, म्हणजे लिथो. रदोंनी एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या नावानं एक संच काढला, त्यातलं हे पहिलं. चित्राखाली ओळ आहे, तिचा अर्थ असा की डोळा एखाद्या विचित्र फुग्यासारखा अनंताकडे निघालाय. पोंच्या कथाकवितांत ही ओळ शोधू नकोस, सापडणार नाही. संचावर नाव पोंचं आणि ओळी रदोंच्या स्वतःच्या. मोबाइलवर बघितलंस म्हणून एक गोष्ट सुटली असेल. फुग्याला टोपली असते ना, त्या जागी इथे एक ताटली लटकते आणि तिच्यात माणसाचं डोकं आहे, तेही अर्धंच. आईला अजून ते दिसलेलं नसेल तर तू होऊन दाखवू नकोस.

लोक म्हणतात, रदोंना स्वप्नं पडायची आणि ते ती काढायचे. मला हे पटत नाही. फुगा कुठून आला बघ. 1870 च्या युद्धात पॅरिसला वेढा पडला तेव्हा शहरातली पत्रं फुग्यांतून बाहेर जात होती. 1878 च्या जागतिक प्रदर्शनात जिफार नावाच्या इंजिनिअरनं दोरखंडानं बांधलेला एक प्रचंड फुगा उडवला आणि लोक पैसे देऊन त्यात बसून वर जात होते. त्याच साली रदोंनी कोळशात डोळ्याचा फुगा काढलेला आहे. म्हणजे फुगा पॅरिसमधल्या पोराटोरांनीही बघितलेला. डोळा तर सगळ्यांनाच असतो. दोन्ही एकमेकांना जोडायचं काम तेवढं त्यांनी केलं.

हे जोडणं त्यांना शिकवलं कोणी, तर एका वनस्पतिशास्त्रज्ञानं. आर्मां क्लाव्हो हे बोर्दोचे. ते सूक्ष्मदर्शकाखाली असे जीव बघायचे, ज्यांना धड झाड म्हणता येत नाही आणि धड प्राणीही. तरुण रदों त्यांच्याकडे जाऊन बसायचे. पुढं 1883 च्या ‘उगम’ या संचात त्यांनी एक फूल काढलं, पाकळ्यांच्या मधोमध डोळा असलेलं. खालची ओळ सांगते की दृष्टीचा पहिला प्रयोग कदाचित फुलातच झाला असेल. याला मी स्वप्न म्हणणार नाही. हे निरीक्षण आहे, फक्त एक पाऊल पुढं गेलेलं. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आधी एखादा खडा, गवताचं पातं, हात असं काहीतरी अगदी बारकाईनं काढायचं, ते झालं की डोकं उकळू लागतं आणि मगच मनातलं काढता येतं. माझ्या वर्गात मुलं ‘सर्रिअल’, म्हणजे स्वप्नासारखं, काहीतरी करायचंय म्हणत यायची. मी त्यांच्या हातात आल्याचा तुकडा द्यायची आणि सांगायची, आधी हा काढ. बरीच मुलं चिडायची. ज्यांनी चिडत का होईना काढला, त्यांची स्वप्नं पुढं बघण्यालायक झाली.

आता एकटेपणाचं. रदों 1840 साली बोर्दोला जन्मले. प्रकृती नाजूक म्हणून त्यांना लहानपणीच पेरलबाद या कुटुंबाच्या शेतीवाडीवर एका म्हाताऱ्या नातेवाइकाकडे ठेवलं. सपाट माळरान, द्राक्षांचे मळे, खेळायला कोणी नाही. वडील कधी भेटले की ढगांकडे बोट दाखवून विचारायचे, मला दिसतात तसे बदलणारे आकार तुला दिसतात का? त्या माळावरचं मोठं आकाश त्यांच्या काळ्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतं. तुझ्या फुग्यामागचं आकाशही तेच असावं, असं मला वाटतं.

पण यावरून त्यांना गुहेत बसलेला तपस्वी करू नये. ही दंतकथा चित्रकारांना फार सोयीची पडते, बिलं भरावी लागत नाहीत. रदोंचं लग्न झालेलं होतं, कवी मालार्मेशी घट्ट मैत्री होती. एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेषा कोरून छापणं, त्यांना रोदोल्फ ब्रेदाँ या विक्षिप्त आणि कफल्लक माणसानं शिकवलं. लिथोची वाट फांतां-लातूर या चित्रकारानं दाखवली. त्यांनी सांगितलं, कोळशाची चित्रं एकेकच राहतात, तीच खास कागदावर तेलकट खडूनं काढा, कागदावरून दगडावर उतरवता येतील, मग हव्या तितक्या प्रती. 1879 साली रदोंचा पहिला संच ‘स्वप्नात’ निघाला, फक्त 25 प्रतींचा. तेव्हा ते 39 वर्षांचे होते. दगड छापखान्यातला, प्रेस फिरवणारे हात कामगारांचे. स्वप्न एकट्याचं असेल, छपाई कधीच एकट्याची नव्हती.

मग बरं का वाटतं? माझं उत्तर असं. एकट्या माणसाची बहुतेक चित्रं आपल्याला हळहळायला लावतात. खिडकीशी बसलेली बाई, रिकामं बाकडं, पावसात भिजणारा म्हातारा. आपण बघे आणि तो बिचारा. रदोंचा डोळा तुझ्याकडे बघतच नाही. तो वर बघतो, त्याला कुठंतरी जायचंय. तो दुःखी आहे की आनंदी, हेही कळत नाही. तूही पहाटे चारला पडद्यावरच्या आकड्यांवर डोळे लावून बसतेस, तेव्हा तुझ्याकडे कोणी बघत नसतं आणि तुला त्याचं काही वाईटही वाटत नसेल. आपापल्या कामात असलेली दोघं एका खोलीत, इतकंच ते नातं आहे. मला तरी ते पुरतं.

त्या काळेपणाचाही यात वाटा आहे. लिथोचा दगड म्हणजे एक जातीचा चुनखडक. त्यावर तेलकट खडूनं काढायचं, डिंक आणि थोडं ॲसिड लावायचं, मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागी बसतं, तेलकट शाई फक्त रेषेवर चिकटते. चांगल्या दगडाचे कण इतके बारीक असतात की खडूचा जरासा दाबही त्यावर उमटतो. म्हणून रदोंच्या काळ्याकडे भिंगातून बघितलं तर तो सपाट दिसत नाही, त्यात कण हलताना दिसतात. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं मोठी करून बघता येतात, न्यूयॉर्कच्या मोमाच्या, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या. एकदा रात्रपाळीच्या सुट्टीत बघ.

आता आई. तिला विचार, आपल्या देवघरातली जुनी लक्ष्मी कशी छापलेली आहे? रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरांत पोचलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती अशाच दगडांवरून उतरल्या, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आपली जुनी मराठी पंचांगंसुद्धा शिळाप्रेसवरच निघायची. तेव्हा हा डोळा लक्ष्मीच्याच कारखान्यातला लांबचा नातेवाईक आहे म्हणावं. आणि आपण दारावर काळी बाहुली टांगतोच की. तरीही आई ऐकली नाही, तर ती येईल तेव्हा चित्र कपाटात ठेव. चित्रासाठी आईशी भांडू नये. चित्र कपाटातही टिकतं, दमट हवेत फक्त मागं बुरशी येत नाही ना, ते बघ.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली होती, तेव्हा छान रंगीत निसर्गचित्रं काढायचा. गेलं वर्षभर फक्त कोळसा. पाठमोरा माणूस, रिकामी गच्ची, उपवनच्या तळ्याकाठी एकटी आकृती. नातेवाईक म्हणतात, याला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखवा. तुम्ही काय सांगाल? (एक वडील, नौपाडा)

उत्तर : चित्र बघून मुलाच्या मनाचं निदान करता येत नाही. मला येत नाही, तुमच्या नातेवाइकांनाही येत नसावं.

तुम्ही त्याच्या कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघा. झोपतो का, जेवतो का, मित्रांत जातो का, आवडीच्या गोष्टी अचानक सोडल्यात का, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतो का? यातलं काही असेल तर नातेवाइकांची वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेली-मानस सेवाही आहे, क्रमांक 14416, फोनवर बोलता येतं. आणि यातलं काहीही नसेल, पोरगा मिसळ खातो, क्रिकेट बघतो, फोनवर खिदळतो, तर तो कोळशानं चित्रं काढणारा एक मुलगा आहे, बस्स.

निसर्गचित्रांचं म्हणाल तर ती ग्रेड परीक्षेची होती. नारळाचं झाड, होडी, मागं डोंगर, मावळतीला नारिंगी. मी ती गठ्ठ्यांनी तपासलेली आहेत. सोळाव्या वर्षी मुलाला त्या नारिंगीचा कंटाळा आला, तर मी त्याला तब्येत चांगली असल्याचं लक्षण मानेन. पाठमोऱ्या आकृतीचं गुपितही सांगून टाकते. चेहरा काढणं फार अवघड असतं. निम्मी तरुण मुलं त्यासाठीच माणसाला पाठमोरा करतात आणि मोठी माणसं त्यात तत्त्वज्ञान बघतात.

वरच्या पत्रातल्या रदोंचंच बघा. पन्नाशीपर्यंत हा माणूस मुख्यतः काळ्यातच राहिला. काळ्याचा मान राखला पाहिजे, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पुढं पेस्टलमध्ये आणि तैलरंगात आले तेव्हा फुलांचे असे रंग काढले की बघणारे चक्रावले. याचं एक गोड स्पष्टीकरण सगळीकडे सांगितलं जातं. पहिलं मूल 1886 मध्ये काही महिन्यांचं असताना गेलं, 1889 मध्ये दुसरा मुलगा झाला, आनंद आला आणि रंग आले. ऐकायला छान आहे. पण 1889 नंतरही दहा वर्षं काळे लिथो निघतच होते, शेवटचा मोठा संच 1899 चा आहे. आणि दुःखाच्या आधीही ते कोळशातच काम करत होते. माणसाच्या आयुष्यातली तारीख आणि त्याच्या डबीतला रंग यांची अशी जोडी लावू नये, बहुतेक वेळा ती चुकते.

तुम्ही एवढंच करा. त्याला जाड, खरखरीत कागद आणून द्या, वहीच्या गुळगुळीत कागदावर कोळसा बसत नाही. फिक्सेटिव्हचा, म्हणजे कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायच्या फवाऱ्याचा, डबा द्या आणि तो गच्चीवर मारायला सांगा, घरात नको, छातीला त्रास होतो. आणि ‘हे काय काढलंस’ असं विचारू नका. ‘इथला काळा कसा आणलास’ असं विचारा. मुलं या प्रश्नाला उत्तर देतात, कधी कधी तासभर देतात.

प्रश्न : वाशीच्या एका प्रदर्शनात ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून एका जुन्या युरोपियन स्वप्नचित्राचा प्रिंट घेतला. कोपऱ्यात पेन्सिलीनं 12/250 लिहिलंय. किंमत बरीच दिली. हे ओरिजिनल का? (एक निवृत्त अधिकारी, वाशी)

उत्तर : भिंग घ्या आणि काळ्या भागावर धरा. रंगीत बारीक ठिपक्यांची फवारणी दिसली तर ते इंकजेट आहे, म्हणजे एका छायाचित्राची चांगली प्रत. एचिंग असेल तर चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाबलेला ठसा बोटाला लागतो. लिथोत असा ठसा नसतो, तिथे खडूचे कण शोधायचे, ओळीत बसवलेले ठिपके नव्हेत.

12/250 म्हणजे अडीचशेतली बारावी प्रत. हा आकडा कोणीही कशावरही लिहू शकतो. मूळ मुद्राचित्र म्हणजे कलावंतानं प्लेटवर, दगडावर, लाकडावर किंवा रदोंसारखं दगडासाठीच्या कागदावर छापण्याच्याच हेतूनं केलेलं काम. शंभर वर्षांपूर्वी गेलेला चित्रकार तुमच्या प्रतीवर पेन्सिल चालवायला आलेला नाही, एवढं नक्की. चित्र आवडत असेल तर लावा, त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या वेळी विक्रेत्याला ‘कोणत्या तंत्रानं छापलंय’ एवढंच विचारा आणि तो काय म्हणतो यापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघा.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याला वन आरकेमध्ये चौघांसोबत राहतो. कॉलेजात ‘एकांत’ या विषयावर मुद्राचित्र करायचंय. एकांत कुठून आणू? आणि घरात प्रेस नाही. (एक विद्यार्थी)

उत्तर : दोन्ही अडचणींवर एकच माणूस उपयोगी पडेल, नॉर्वेचे एडवर्ड मुंक.

त्यांचं ‘दोन माणसं, एकाकी’ अशा अर्थाच्या नावाचं वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं चित्र आहे, 1899 चं. समुद्रकिनारा, एक बाई, तिच्यापासून थोडा दूर आणि किंचित मागं एक पुरुष, दोघंही पाठमोरे. याच विषयावरचं 1892 चं त्यांचं तैलचित्र पुढं जहाजावरच्या अपघातात नष्ट झालं. पण मला विचारशील तर वुडकट त्या तैलचित्राच्या आठवणीवर अवलंबून नाहीच, कारण त्यातली मुख्य गोष्ट तैलरंगात करताच आली नसती. मुंकनी लाकडाचा ठोकळा करवतीनं कापला. बाईची आकृती ठोकळ्यातून सुटी काढली. प्रत्येक तुकड्यावर वेगळा रंग लावला, तुकडे पुन्हा एकमेकांत बसवले आणि एका दाबात छापलं. करवत जिथून गेली तिथं लाकूडच उरलेलं नाही, म्हणून छापताना एक पांढरी फट येते. बाईच्या भोवती ती फट आहे. ती समुद्रासमोर उभी आहे पण समुद्राला चिकटलेली नाही. आता तू चेहऱ्यावर कितीही उदासी काढलीस तरी या फटीइतकं काम होणार नाही. आणि तुकडे सुटे असल्यामुळे दर खेपेला रंग बदलता येतात. मुंक पुढं अनेक वर्षं तोच ठोकळा काढून वेगवेगळ्या रंगांत छापत राहिले. कधी समुद्र निळा, कधी हिरवट, माणसं मात्र तेवढ्याच अंतरावर.

आता तुझं. चौघांच्या खोलीत एकांत नाही म्हणतोस. कळव्याहून सकाळची लोकल पकडतोस ना? दारात उभ्या असलेल्या एकाच माणसाचं रेखाटन कर, त्याला चिकटलेले दहा जण धरून. मग करवत कुठून फिरवायची ते ठरव. गर्दीतल्या कुठल्या माणसाभोवती फट पडते, हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठी रिकामा समुद्रकिनारा लागत नाही. विषय भरीव आहे, ‘बाकावरचा म्हातारा’ नको करूस, तुझ्या वर्गात निदान पाच जण तो करणार आहेत.

प्रेस नसली तरी अडत नाही. सहा मिलीमीटरचा प्लाय घे, वरचा थर मऊ आणि रेषा दिसणारा. सुताराकडे जाळी कापायची बारीक पात्याची करवत असते, तीच चालते. तुकडे कापून झाले की कडा पॉलिश पेपरनं घासून घे, नाहीतर कागद फाटतो. शाई तेलाची, रोलरनं पातळ लाव. वरून पातळ पण चिवट हातकागद ठेव आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं गोल गोल घास, मधून कडेकडे अशा दिशेनं. चमचा तापतो, हात दुखतो, मध्येच कागदाचा कोपरा उचलून बघायचा मोह होतो. बघ, पण दुसरी बाजू बोटानं दाबून धर. पावसाळ्यात आपल्याकडे शाई वाळायला दिवसेंदिवस लागतात, तेव्हा प्रती दोरीवर लावताना खाली कोणाची गादी नाही याची खात्री कर. चौघांच्या खोलीत एकांत नाही, पण शांतता राखता येते.

ॲसिडचं एचिंग मात्र घरात करू नकोस. नायट्रिकच्या वाफा वन आरकेत सोडायच्या नसतात.

प्रेस हवीच असेल तर घाई करू नकोस. माझी प्रेस मी वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडून करून घेतली. दोन रूळ, मध्ये सरकणारा लोखंडी पाट, बाजूला मोठं चाक. त्यानं नकाशा उलटसुलट बघितला आणि विचारलं, “बाई, उसाचा चरक करताय का?” मी म्हटलं, रस निघतो, पण काळा. त्याला विनोद कळला नाही, काम मात्र पक्कं केलं. रूळ अजून सुतभरही हललेला नाही.

प्रश्न : रविवारी तुमच्याकडे शिकायला येऊ का? (अनेक पत्रं)

उत्तर : नाही. गुडघे गेलेत, चाक फिरवायला मला स्वतःलाच आता शेजारच्या पोराला बोलवावं लागतं. ज्यांना फक्त बघायचंय त्यांनी संपादकांकडे चिठ्ठी द्यावी, दिवाळीनंतर एखादा दिवस ठरवू. येताना अंगठ्या आणि घड्याळ काढून या, ओढणी घरी ठेवा, आणि जुने सुती कपडे धुऊन आणा. प्लेट पुसायला चिंध्या कधीच पुरत नाहीत.